दोन धावा की चार?

१९८५ साली आपल्या देशातील रस्त्यांवर दोन नव्या मोटारसायकली आल्या. एक यामाहा आरएक्स १०० आणि दुसरी हीरो होंडा सीडी १००. दोघींच्या एंजिनांची मापे पाहिली तर त्या जुळ्या बहिणी वाटाव्यात. पहिलीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याच्या धावेची लांबी ५० मिलिमीटर. दुसरीचा व्यास तितकाच, धाव ४९.५ मिलिमीटर. म्हणजे दोघींचे आकारमान शंभर घन सेंटिमीटरच्या जरा आतच. पण पहिलीची शक्ती ११ अश्वशक्ती, तर दुसरीची साधारण साडेसात. उलट एक लिटर पेट्रोलमध्ये पहिली ज्या रस्त्यावर चाळीस किलोमीटरच्या आसपास जाई, तिथे दुसरी साठ-सत्तर किलोमीटर सहज जाई. सिलिंडर सारखा, पेट्रोल तेच आणि रस्ताही तोच. मग एवढा फरक कशामुळे?

फरक एकाच गोष्टीचा आहे. पहिलीचे एंजिन दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक आहे. दुसरीचे चार धावांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक आहे.

हा प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा नाही. आजही पुष्कळ घरांत एखादी जुनी टू-स्ट्रोक गाडी पडवीत उभी असते. तिचे एंजिन पुन्हा बांधून घ्यावे, की तेवढ्या पैशांत भर घालून नंतरच्या काळातील फोर-स्ट्रोक गाडी घ्यावी, असा वाद घरात सुरू होतो. एकजण गाडीच्या उचलीचे गोडवे गातो, दुसरा पेट्रोलचा हिशेब मांडतो, तिसऱ्याला धुराचा त्रास होतो. या वादात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणती बाजू घ्यावी? त्यासाठी आधी एंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू या.

चार धावांचे काम

वहीत एक उभा सिलिंडर काढा. त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या दाखवा. गॅरेजात त्यालाच पिस्टन म्हणतात. दट्ट्या एका दांड्याने खालच्या क्रँकला जोडलेला आहे. दट्ट्या वरून खाली किंवा खालून वर एकदा गेला की एक धाव झाली. दोन धावांत क्रँकचा एक फेरा पुरा होतो.

जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली यशस्वी केलेल्या एंजिनात एक आवर्तन चार धावांत पुरे होते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो, एक झडप उघडते आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत शोषले जाते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात. दट्ट्या वर येतो आणि मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तप्त वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. ही तिसरी धाव, आणि काम मिळते ते केवळ हिच्यातच. चौथ्या धावेत दुसरी झडप उघडते आणि वर येणारा दट्ट्या जळालेले वायू बाहेर लोटून देतो.

म्हणजे चार धावांपैकी एक कमाईची आणि तीन खर्चाच्या. क्रँकचे दोन फेरे झाले की एक स्फोट. शिवाय झडपा योग्य वेळी उघडण्या-मिटण्यासाठी कॅम, साखळी, स्प्रिंग असा बराच सरंजाम लागतो.

तेच काम दोन धावांत

इतक्या धावा वाया का घालवायच्या, असा विचार इतरांनी केला नसता तरच नवल. स्कॉटलंडच्या ड्यूगाल्ड क्लार्क याने दोन धावांचे एंजिन बनवून १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात नवे मिश्रण भरण्यासाठी वेगळा पंप होता. पुढे १८९० च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ शहरातील जोसेफ डे याने तो पंपही काढून टाकला. पंपाचे काम त्याने दट्ट्याखालच्या रिकाम्या जागेवर, म्हणजे क्रँकच्या बंद पेटीवर सोपवले.

आता वहीतील आकृतीत थोडा बदल करा. झडपा खोडून टाका. त्यांच्या ऐवजी सिलिंडरच्या भिंतीत, तळाच्या बाजूला, समोरासमोर दोन भोके दाखवा. एक धूर बाहेर जाण्याचे दार आणि दुसरे मिश्रण आत येण्याचे दार. धुराचे दार किंचित उंच ठेवा. दट्ट्या वर असताना ही दोन्ही दारे त्याच्याच अंगाने झाकलेली असतात.

दट्ट्या वर चढतो तेव्हा त्याच्या डोक्यावर मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी त्याच्या पायाखाली, क्रँकच्या पेटीत, पोकळी वाढते आणि कार्ब्युरेटरमधून ताजे मिश्रण तिथे ओढले जाते. ठिणगी पडते आणि दट्ट्या खाली फेकला जातो. खाली येताना तो पेटीतील ताजे मिश्रण दाबत येतो. प्रथम धुराचे दार उघडे पडते आणि जळालेले वायू बाहेर धाव घेतात. लगेच दुसरे दार उघडते. पेटीतील ताजे मिश्रण त्यातून वर सिलिंडरमध्ये घुसते आणि उरलासुरला धूर पुढे ढकलते. दट्ट्या पुन्हा वर निघतो, दारे मिटतात आणि चक्र चालू राहते.

किती सुटसुटीत योजना! क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. झडपा, कॅम, साखळी यांपैकी काही नको. हलणारे भाग मुख्यतः तीन, म्हणजे दट्ट्या, त्याचा दांडा आणि क्रँक. एंजिन हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. म्हणूनच ज्या काळात सायकलवरून माणूस प्रथमच पेट्रोलच्या वाहनावर बसत होता, त्या काळात आपल्याकडे याच एंजिनाचे राज्य होते. राजदूत, जावा आणि येझ्दी, पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी बजाजची चेतक, अहमदनगरच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेली लूना आणि शहरोशहरीच्या रिक्षा, या सर्वांच्या पोटात दोन धावांचेच एंजिन होते.

शक्ती दुप्पट का नाही?

स्फोट दुप्पट, तर शक्तीही दुप्पट व्हायला हवी. पण सुरुवातीचे आकडे पुन्हा पाहा. अकरा ही संख्या साडेसातच्या दुप्पट नाही, जेमतेम दीडपट आहे. बाकीची शक्ती गेली कुठे?

थोडे गणित करू. आरएक्स १०० ची कमाल शक्ती मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर मिळते. म्हणजे सेकंदाला १२५ फेरे आणि १२५ स्फोट. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७३६ वॅट. ११ ला ७३६ ने गुणून १२५ ने भागले की एका स्फोटामागे मिळणारे काम निघते. ते भरते सुमारे ६५ जूल.

सीडी १०० ची कमाल शक्ती मिनिटाला साधारण ८,००० फेऱ्यांवर मिळते. स्फोट त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७. त्याच रीतीने काढले तर एका स्फोटामागे सुमारे ८३ जूल काम मिळते.

म्हणजे चार धावांच्या एंजिनाचा प्रत्येक स्फोट अधिक भरीव आहे. त्याची कारणे दोन. पहिले असे की, दोन धावांच्या एंजिनात धुराचे दार दट्ट्या तळाशी पोहोचण्याच्या बऱ्याच आधी उघडते. त्यामुळे धावेचा शेवटचा भाग कामाला येत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ते म्हणजे सिलिंडरची झाडलोट. शास्त्रीय भाषेत तिला संमार्जन म्हणतात.

चार धावांच्या एंजिनात झाडलोटीला एक पूर्ण धाव राखून ठेवली आहे आणि नवे मिश्रण भरायला दुसरी. दोन धावांच्या एंजिनात ही दोन्ही कामे एकाच वेळी, दोन्ही दारे उघडी असताना उरकावी लागतात. आरएक्स १०० मध्ये पूर्ण वेगात एका फेऱ्याला सेकंदाचा १२५ वा भाग मिळतो. त्यातील साधारण एकतृतीयांश वेळात जुना धूर बाहेर आणि नवे मिश्रण आत ही सारी घाई. अशा घाईत दोन चुका अटळ आहेत. थोडा धूर आतच राहतो आणि थोडे ताजे, न जळलेले मिश्रण समोरच्या उघड्या दाराने तसेच निघून जाते.

पेल्यातला प्रयोग

ही गोष्ट घरी करून पाहता येईल. एक काचेचा पेला घ्या. तो २०० मिलिलिटर पाण्याने काठोकाठ भरेल असा निवडा. पाण्यात निळी शाई टाकून ते गडद करा. पेला एका रुंद भांड्यात ठेवा. आता दुसऱ्या भांड्यात मोजून घेतलेले २०० मिलिलिटर स्वच्छ पाणी बारीक धारेने पेल्यात ओता आणि चमच्याने सतत ढवळत राहा. जितके पाणी आत जाईल तितके काठावरून बाहेर पडेल.

पेल्याच्या आकारमानाइतके स्वच्छ पाणी ओतून झाले. आत सगळे स्वच्छ पाणी असायला हवे ना? पण पेला अजून निळाच दिसेल. पूर्ण ढवळले गेले असेल तर गणिताने असे निघते की, मूळच्या शाईच्या पाण्याचा सुमारे ३७ टक्के भाग पेल्यात उरतो. पडताळा पाहायचा असेल तर दुसऱ्या पेल्यात मूळचे शाईचे पाणी ७४ मिलिलिटर आणि स्वच्छ पाणी १२६ मिलिलिटर मिसळा आणि दोन्ही रंग शेजारी ठेवून पाहा.

आता दुसरी बाजू लक्षात घ्या. पेल्यात जर ७४ मिलिलिटर जुने पाणी उरले, तर तेवढेच नवे पाणी बाहेरच्या भांड्यात सांडले असले पाहिजे. ओतलेल्या स्वच्छ पाण्याच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग आपले काम न करताच वाहून गेला! एंजिनात हे स्वच्छ पाणी म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेले पेट्रोल.

हाच पेला प्रथम पूर्ण उपडा करून रिकामा केला आणि मग भरला, तर एक थेंबही वाया जात नाही. वेळ मात्र दुप्पट लागतो. चार धावांचे एंजिन नेमके हेच करते. ज्या दोन धावा आपल्याला फुकट वाटल्या, त्या पेला रिकामा करण्याच्या आणि भरण्याच्या होत्या.

खऱ्या एंजिनात अर्थातच चमचा नसतो. नव्या मिश्रणाची धार धुरात मिसळू नये, तिने धुराला समोरून ढकलत न्यावे, अशी खटपट अभियंते करत आले. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत आडोल्फ श्नूर्ले याने दारांना असा कोन दिला की, मिश्रणाची धार प्रथम धुराच्या दारापासून दूर, समोरच्या भिंतीकडे जाते, वर चढते आणि वळसा घालून खाली येते. पुढे पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने ध्वनिलहरींचा उपयोग केला. प्रत्येक स्फोटानंतर धुराच्या नळीत दाबाची एक लहर धावत जाते. नळी प्रथम रुंद आणि मग पुन्हा निमुळती केली, तर ती लहर परत फिरून येते आणि दाराबाहेर पडू पाहणारे ताजे मिश्रण आत लोटते.

मात्र लहरीला जाऊन येण्यास ठरावीक वेळ लागतो. म्हणून ही मदत विशिष्ट वेगाच्या आसपासच नीट मिळते. अशी एंजिने कमी वेगात सुस्त असतात आणि एका वेगाला पोहोचताच एकदम उसळी घेतात. त्या उसळीचे ज्यांना वेड असते, ते खरे म्हणजे एका लहरीच्या वक्तशीरपणाचे कौतुक करत असतात. तसेच, सायलेन्सर कापून किंवा आतली नळी काढून टाकून शक्ती वाढते ही समजूतही यावरून तपासून पाहता येईल. आवाज वाढतो हे खरे, पण परत येणारी लहर बिघडते.

इतके करूनही कार्ब्युरेटरच्या साध्या टू-स्ट्रोक एंजिनात पेट्रोलचा पंधरापासून चाळीस टक्क्यांपर्यंत भाग न जळता बाहेर जातो, असे अभ्यासकांच्या मोजमापात आढळले आहे. भार आणि वेग यांनुसार हा आकडा बदलतो.

तेल आणि धूर

दुसरा प्रश्न वंगणाचा. चार धावांच्या एंजिनात क्रँकच्या पेटीत तेल साठवलेले असते. ते फिरून फिरून वापरले जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर बदलले जाते. टू-स्ट्रोकमध्ये त्या पेटीतून पेट्रोलचे मिश्रण जात असल्याने तिथे तेल साठवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलबरोबरच पाठवावे लागते. चेतकसारख्या स्कूटरमध्ये ते टाकीत मिसळत, तर आरएक्स १०० मध्ये एक छोटा पंप ते वेगळ्या टाकीतून देतो. साधारण पन्नासाला एक हे प्रमाण धरले तर लिटरमागे २० मिलिलिटर. हे सारे तेल एकदाच वापरले जाते आणि धुराड्यातून बाहेर पडते. टू-स्ट्रोकच्या मागे दिसणारा निळसर पांढरा धूर म्हणजे मुख्यतः तेलाचे न जळलेले सूक्ष्म थेंब होत.

जास्त तेल घातले की एंजिन जास्त टिकते, असा एक समज पुष्कळ चालकांत होता. त्याने धूर वाढे, प्लगवर काजळी चढे आणि सायलेन्सर कार्बनने तुंबे. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारा स्कूटरवाला हे दृश्य त्या काळी नेहमीचे होते. उलट तेल कमी पडले तर दट्ट्या सिलिंडरला धरून बसतो. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असेल, तर लांब घाट उतरताना गाडी गिअरमध्ये वेगात आहे पण अॅक्सिलरेटर पूर्ण बंद आहे, अशा वेळी एंजिनाला पेट्रोल मिळत नाही आणि म्हणून तेलही मिळत नाही. घाटात मध्येमध्ये थोडा अॅक्सिलरेटर द्यावा, असे जाणते चालक सांगत, त्यामागे हे कारण होते.

एका बाबतीत मात्र टू-स्ट्रोकला न्याय दिला पाहिजे. आत उरलेल्या धुरामुळे त्याच्या ज्वलनाचे तापमान कमी राहते. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे चार धावांच्या एंजिनाच्या मानाने कमी तयार होतात. पण न जळलेली हायड्रोकार्बने आणि तेलाचा धूर यांच्यापुढे ही बाजू फार लंगडी पडते.

सरकारी नियमांनी हाच दोष नेमका पकडला. १९९६ साली दुचाकीच्या धुरात किलोमीटरमागे हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅमपर्यंत चालत. २००० साली ही मर्यादा २ ग्रॅमवर आली, २००५ साली १.५ वर आणि २०१० साली १ ग्रॅमवर. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादाही याच रीतीने उतरत गेली. एकेक करून टू-स्ट्रोक दुचाक्या बाजारातून गेल्या. त्यांत बराच काळ टिकून राहिलेली टीव्हीएसची एक्सएल ही छोटी गाडीही २०१५ साली फोर-स्ट्रोक झाली.

हाच वाद इतरत्र

हा वाद आपल्यापुरताच नव्हता. अमेरिकेत वाळवंटात आणि शेतांवर क्वाड नावाचे वाहन चालवतात. रुंद, फुगीर टायरांची चार चाके, पण मोटारसायकलसारखी सीट आणि हँडल, असे त्याचे रूप असते. तिथे १९८७ पासून २००६ पर्यंत यामाहाची बॅन्शी ही क्वाड विकली जाई. तिचे एंजिन दोन सिलिंडरचे, ३४७ घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक होते. सिलिंडरची मापे तीच होती, जी आपल्याकडे १९८३ पासून मिळू लागलेल्या राजदूत ३५० मोटारसायकलची होती. बॅन्शीचे एंजिन मात्र पाण्याने थंड होणारे, त्याच घराण्यातील नंतरचे. २००४ साली त्याच कंपनीने वायएफझेड ४५० ही फोर-स्ट्रोक क्वाड आणली. जुनी बॅन्शी घ्यावी की नवी ४५०, हा प्रश्न तिथल्या तरुणांपुढे आजही येतो. आपल्या पडवीतील वादाहून तो वेगळा नाही.

शर्यतींच्या नियमांतही हे गणित उतरले आहे. मोटोक्रॉस या खडबडीत मैदानावरच्या शर्यतीत २५० घन सेंटिमीटरच्या टू-स्ट्रोकसमोर ४५० घन सेंटिमीटरपर्यंतचे फोर-स्ट्रोक एंजिन चालते. दोघांना बरोबरीने लढवायचे, तर चार धावांच्या एंजिनाला पावणेदोन पटींहून थोडा मोठा सिलिंडर द्यावा लागतो. म्हणजे सारख्या मापात टू-स्ट्रोक अधिक शक्ती देते, हे शर्यतवाल्यांनाही मान्य आहे. प्रश्न त्या शक्तीसाठी मोजावयाच्या किमतीचा आहे.

दोष धावांचा नव्हे

मग दोन धावांचे एंजिन मुळातच टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. जगातील अतिशय प्रचंड आणि अतिशय काटकसरी एंजिनांपैकी काही दोन धावांचीच आहेत. २००६ साली समुद्रात उतरलेल्या एमा मार्स्क या मालवाहू जहाजाचे १४ सिलिंडरचे एंजिन सुमारे ८०,००० किलोवॅट शक्तीचे आहे. त्याचा दट्ट्या जवळजवळ एक मीटर रुंद असून त्याची धाव अडीच मीटर आहे. मिनिटाला ते शंभरच्या आसपास फेरे घेते. इंधनातील ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ते कामी लावते. आपल्या दुचाकीचे पेट्रोल एंजिन याच्या कितीतरी मागे आहे.

त्याचे रहस्य काय? ते एंजिन डीझेलचे आहे. त्याची झाडलोट नुसत्या हवेने होते. दारे मिटल्यावर मगच इंधन फवारले जाते. थोडी हवा बाहेर सांडली तर नुकसान कसले? वाया जाण्यासारखे इंधन तिच्यात नसतेच. म्हणजे दोष धावांच्या संख्येत नाही. तो दार उघडे असताना इंधन आत सोडण्यात आहे. पेट्रोलच्या टू-स्ट्रोकमध्येही फवाऱ्याने इंधन देऊन ही गळती कमी करता येते. २०१७ साली ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीने डोंगराळ शर्यतींच्या मोटारसायकलींत तशी योजना आणली. पण फवारा, पंप आणि त्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडले की, टू-स्ट्रोकचा स्वस्त आणि साधे असण्याचा मोठा गुण उणावतो. शंभर घन सेंटिमीटरच्या रोजच्या गाडीला त्याहून झडपा बऱ्या.

जिथे हलकेपणा सर्वांत मोलाचा, तिथे लहान टू-स्ट्रोक अजून टिकून आहे. झाडे कापण्याची करवत, गवत कापण्याचे यंत्र, पाठीवरचा फवारणी पंप ही त्याची उदाहरणे. करवत आडवी, तिरपी, उलटी कशीही धरावी लागते. पेटीत तेल साठवणाऱ्या एंजिनाला ते अवघड जाते. पेट्रोलबरोबरच तेल नेणाऱ्याला काही अडचण येत नाही.

मग निवड कशी करावी?

आता घरातील वादाकडे वळू. प्रथम आकडे मांडा. गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते असे धरा. टू-स्ट्रोक लिटरला ४० किलोमीटर जात असेल तर ३०० लिटर पेट्रोल लागेल. फोर-स्ट्रोक ६५ जात असेल तर सुमारे १८५ लिटर. फरक ११५ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला साडेअकरा हजार रुपये. शिवाय ३०० लिटरमागे सहा लिटर तेल धुरात जाईल ते वेगळे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे तुम्हीच काढा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा, दोनतीनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा.

मग यंत्र तपासा. टू-स्ट्रोक थंड असताना सुरू केली की थोडा धूर येणारच. पण तापल्यावरही दाट धूर चालू राहिला तर तेल जास्त जात आहे, किंवा क्रँकचे सील गळून गिअरचे तेल आत ओढले जात आहे. फोर-स्ट्रोकच्या मागे मात्र निळा धूर मुळीच दिसता कामा नये. दिसला तर रिंगा किंवा झडपांचे सील झिजले आहेत असे समजावे. टू-स्ट्रोकचा सिलिंडर उघडून बोअर करून घेणे आणि नवा दट्ट्या व रिंगा बसवणे हे तुलनेने सोपे व स्वस्त काम आहे. फोर-स्ट्रोकमध्ये झडपा, कॅम आणि साखळी यांचे काम निघाले तर खर्च वाढतो. पण तेलाची पातळी वेळोवेळी पाहिली आणि तेल वेळेवर बदलले, तर ते काम सहसा लवकर निघत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी लागेल. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी करून ती नव्याने करून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. धूर तपासणीचे प्रमाणपत्र म्हणजे पीयूसी हवेच. या तपासणीत १ एप्रिल २००० नंतर बनलेल्या टू-स्ट्रोक दुचाकीला हायड्रोकार्बनांची मर्यादा दशलक्ष भागांत ६,००० भाग, तर त्याच काळातील फोर-स्ट्रोकला ४,५०० भाग अशी ठरवली गेली. टू-स्ट्रोकची गळती पूर्ण थांबणार नाही, हे नियम करणाऱ्यांनीही गृहीत धरले होते.

यावरून निष्कर्ष असा निघतो. रोज शाळा, कचेरी आणि बाजार यांसाठी वापरायच्या गाडीला चार धावांचे एंजिनच योग्य. महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर काढायची, निगुतीने सांभाळलेली जुनी टू-स्ट्रोक ठेवायला हरकत नाही. ती तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा चालता नमुना आहे आणि एंजिन खोलून शिकायला तिच्याइतकी सोपी गाडी दुसरी नाही. परंतु तिला रोजच्या कामाला जुंपून तिच्या उचलीचा आनंद घ्यायचा असेल, तर पेल्यातून सांडलेले ते पाणी आठवा. सांडलेल्या पेट्रोलचे पैसे आपण देतो. त्याची वाफ आणि तेलाचा धूर मात्र सिग्नलला आपल्या मागे उभा असलेला सायकलस्वार श्वासावाटे घेतो. आपल्या घरच्या हिशेबात त्याचे नाव कुठेच येत नाही. ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लिहायला हवे.

या वादाला आता तिसरा पक्षही आला आहे. २०२० साली बजाजने चेतक हे जुने नाव पुन्हा बाजारात आणले, पण ही चेतक विजेवर चालते. तिच्यात दट्ट्या नाही, झडप नाही आणि धूर जाण्याचे दारही नाही. अर्थात तिची वीज कुठून येते आणि बॅटरीचे आयुष्य किती, हे प्रश्न तिच्या हिशेबात मांडावे लागतील. ते आकडे गोळा करून वर्गात तिन्ही गाड्यांची तुलना करून पाहा. तोपर्यंत शाईच्या पाण्याचा प्रयोग मात्र आजच करा.